विमानातलं आणीबाणीचं सामान: उड्डाणाआधी आम्ही नक्की काय तपासतो?

प्रश्न असा आहे: विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर सगळं सामान ठरलेल्या मुदतीत तपासतच असतात, मग प्रत्येक उड्डाणाआधी केबिन क्रू पुन्हा तेच का तपासतात? आणि प्रवासी चढायच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत इतक्या वस्तू खरोखर तपासून होतात, की कागदावर नुसत्या खुणा केल्या जातात?

मी बरीच वर्षं केबिन क्रू म्हणून उडले, पुढे पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, झाले आणि आता नव्या मुलामुलींना शिकवते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होय, तपासून होतात. कारण एकच माणूस सगळं विमान तपासत नाही. ब्रीफिंगमध्ये प्रत्येकाला एक दार आणि त्याच्या आसपासचा भाग नेमून दिलेला असतो आणि त्या भागातलं सामान त्याने तपासायचं असतं. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा वस्तू येतात. सरावलेल्या हाताला तेवढा वेळ पुरतो. सराव नसेल किंवा मन दुसरीकडे असेल, तर मात्र पुरत नाही, आणि मग खुणाच होतात. तसं घडत नाही असं मी म्हणणार नाही. ते घडू नये म्हणूनच आम्ही शिकवताना इतका आग्रह धरतो.

आता पहिला प्रश्न. इंजिनिअर आणि आम्ही अग्निशामकाच्या एकाच बाटलीकडे पाहतो, पण वेगवेगळ्या गोष्टी पाहतो. बाटलीची दाबचाचणी कधी झाली, वजन भरतं का, झडप ठीक आहे का, हे त्यांचं काम. आज, या विमानात, माझ्या दाराशी ती बाटली जागेवर आहे का आणि हात घातल्यावर लगेच निघेल का, हे माझं काम. इंजिनिअरने हात लावल्यापासून मी विमानात शिरेपर्यंत तिथे सफाईवाले येऊन गेलेले असतात, जेवणाच्या ट्रॉल्या चढवणारे येऊन गेलेले असतात, आधीचा क्रू आणि शेकडो प्रवासी उतरून गेलेले असतात. कुणी वाईट हेतूने काही करत नाही. ब्लँकेटची पिशवी ठेवायला जागा हवी असते, ती अग्निशामकापुढे कोंबली जाते, एवढंच. एकदा डोक्यावरच्या कप्प्यात ऑक्सिजनची बाटली शोधताना मला आधी सात उशा बाहेर काढाव्या लागल्या होत्या. बाटली होती, भरलेली होती, मुदतीत होती. पण कुणी बेशुद्ध पडलं असतं तर त्या क्षणी ती नसल्यातच जमा होती.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. ज्याने ती वस्तू वापरायची आहे त्यानेच ती सकाळी पाहिलेली असली पाहिजे. एकाच प्रकारच्या दोन विमानांत सामानाच्या जागा वेगळ्या असू शकतात, कारण एक विमान दुसऱ्या कंपनीकडून आलेलं असतं किंवा आसनांची मांडणी बदललेली असते. धूर झाला की केबिनमध्ये स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. अशा वेळी ‘मागच्या गॅलीत (जेवण तयार करायच्या जागेत) उजवीकडे खाली, क्लॅम्प वर ओढायचा’ ही माहिती हातात असावी लागते, आणि ती रोज नव्याने भरावी लागते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, नुसती मान वर करून बघू नका, वस्तूला हात लावा. क्लॅम्प कुठल्या बाजूने उघडतो ते बोटांनी चाचपा.

तपासणी सुरू होते स्वतःच्या जंप सीटपासून, म्हणजे दाराजवळच्या क्रूच्या घडीच्या आसनापासून. बसायची फळी सोडली की आपोआप वर गेली पाहिजे. ती खाली अडकून राहिली तर दाराची वाट अडते. पट्टे चारही बाजूंनी नीट खेचले जातात ना, बकल एका झटक्यात सुटतं ना, इंटरफोनचा हँडसेट जागेवर आहे ना. सीटखाली किंवा बाजूला क्रूचं लाइफ जॅकेट असतं. त्याचा रंग प्रवाशांच्या पिवळ्या जॅकेटपेक्षा वेगळा, बहुधा केशरी किंवा लाल, म्हणजे पाण्यात कुणाकडे बघायचं ते कळतं. शेजारी टॉर्च. ही टॉर्च ब्रॅकेटमधून काढली की आपोआप लागते, म्हणून ती रोज काढून बघायची नसते, नाहीतर बॅटरी संपते. तिच्यावर एक बारीक लाल दिवा दर तीन-चार सेकंदांनी लुकलुकतो. लुकलुकणं फार मंदावलं किंवा थांबलं की बॅटरी गेली. नवी मुलं हा दिवा एकदा चमकला की पुढे जातात. मी त्यांना तिथे थांबायला लावते. दोन चमका मोजा, मधलं अंतर बघा, मग पुढे जा.

अग्निशामकाचं बघायचं ते थोडकं आहे: जागेवर घट्ट बसलेलं, पिन आणि सील शाबूत, गेजचा काटा हिरव्यात, तारीख संपलेली नाही. पण त्यामागचा हिशोब कळला की हे चार शब्द वेगळे वाटू लागतात. विमानात वर्षानुवर्षं वापरात असलेलं हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूचं हातातलं अग्निशामक दाबून धरलं तर साधारण दहा सेकंदांत रिकामं होतं. अमेरिकी नियमांनुसार ६१ ते २०० आसनांच्या विमानात हातातली किमान तीन अग्निशामकं लागतात, २०१ ते ३०० आसनांना चार. म्हणजे दोनशे माणसांच्या केबिनमध्ये आग विझवायला तुमच्याकडे सगळी मिळून अर्ध्या मिनिटाची फवारणी असू शकते. त्यातलं एक निकामी निघालं, तर तिसरा हिस्सा गेला.

स्मोक हूडबद्दल जरा जास्त लिहिते, कारण प्रवाशांना याची कल्पनाच नसते. आग विझवायला जाणाऱ्या क्रूने डोक्यावरून मानेपर्यंत घालायचं हे आवरण. त्यात साधारण पंधरा मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन तयार होतो किंवा साठवलेला असतो. बऱ्याच प्रकारांत पोटॅशियम सुपरऑक्साइड हे रसायन असतं. आपल्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी मिसळला की ऑक्सिजन सुटतो. आता विचार करा, जे रसायन ओलाव्यानेच काम करायला लागतं, ते ओलाव्यापासूनच जपावं लागणार. म्हणून हूड हवाबंद पाकिटात असतं, आणि पाकीट पेटीत. काही प्रकारांत पेटीच्या खिडकीतून एक खूण दिसते: निळी असेल तर ठीक, गुलाबी झाली तर ओल आत शिरली. पाकीट फुगलेलं दिसलं किंवा पेटीचं सील तुटलेलं दिसलं तर ते हूड वापरण्याजोगं नाही असंच धरायचं.

हे हूड विमानात आलं त्यामागे माणसांचे जीव आहेत. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या शौचालयाच्या भागात आग लागली. सहवैमानिक मागे बघायला गेला, पण धुरामुळे पुढे जाता येईना. त्याला परत कॉकपिटमध्ये येऊन डोळ्यांवर लावायचा गॉगल घ्यावा लागला. विमान उतरलं, दारं उघडली, आणि थोड्याच वेळात केबिनने आतून पेट घेतला. ४६ पैकी २३ जण गेले. त्यानंतर शौचालयात धूर ओळखणारं यंत्र, जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे आणि क्रूसाठी श्वसनाची साधनं यांचे नियम कडक झाले. मी वर्गात हा प्रसंग सांगते तेव्हा मुलं गप्प होतात. त्या शांततेत मी हूडची पेटी त्यांच्या हातात देते.

शौचालयाचा विषय निघालाच आहे, तर तोही तपासणीचाच भाग आहे. कचऱ्याच्या डब्याचं झाकण हात काढताच स्प्रिंगने बंद झालं पाहिजे, कारण आत ठिणगी पडलीच तर तिला हवा मिळता कामा नये. डब्याच्या वर एक छोटं अग्निशामक असतं, ते उष्णतेने आपोआप सुटतं. त्याच्या जवळ एक पट्टी असते, तिच्यावरचे ठिपके तापमान वाढलं की काळे पडतात. ठिपका काळा दिसला तर इथे कधीतरी काहीतरी तापलं होतं, आणि ते अग्निशामक आधीच रिकामं झालेलं असू शकतं. धूम्रपानाला बंदी असूनही दाराजवळ राखदाणी का, असं लोक नेहमी विचारतात. कुणी बंदी मोडून सिगारेट पेटवलीच तर ती कागदाच्या कचऱ्यात न जाता तिथे विझावी, म्हणून. ११ जुलै १९७३ रोजी वारिग या ब्राझिलच्या विमान कंपनीच्या ८२० क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या शौचालयातच आग सुरू झाली होती. पॅरिसजवळ शेतात उतरलेल्या त्या विमानातले १२३ लोक मेले, बहुतेक जण धुराने.

ऑक्सिजनच्या बाटल्या. डोक्यावरून खाली पडणारे पिवळे मास्क वेगळे. त्यांचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत छतातल्या रासायनिक जनित्रातून येतो, आणि केबिनमधला दाब गेला तर विमान खाली आणेपर्यंत पुरेल एवढाच असतो. हातात घेऊन फिरायची बाटली क्रूसाठी आणि आजारी प्रवाशासाठी. नेहमी दिसणारी बाटली ३१० लिटरची. तिच्यातून मिनिटाला ४ लिटर सोडला तर साधारण ७७ मिनिटं चालते, २ लिटर सोडला तर त्याच्या दुप्पट. म्हणून गेज बघताना ‘आहे की नाही’ एवढंच बघून चालत नाही. पूर्ण भरलेल्या बाटलीचा दाब १८०० पीएसआयच्या (दाब मोजायच्या एककाच्या) आसपास असतो. तो अर्धा असेल तर वेळही अर्धा. समुद्रावर असताना जवळचा विमानतळ दीड तासावर असेल तर हा हिशोब जिवाचा होतो. किमान किती दाब चालेल हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ते पाठ असावं लागतं. दाबाइतकाच महत्त्वाचा मास्क. माझ्या हाती एकदा पूर्ण भरलेली बाटली आली, पण मास्क नव्हता. कुणीतरी आधीच्या प्रवासात वापरून टाकून दिला होता आणि नवा लावायचा राहून गेला होता. काटा हिरव्यात बघून मी पुढे जाणारच होते. तेव्हापासून मी मास्कची पिशवी बोटांनी दाबून बघते, नळी बाटलीला जोडलेली आहे ना तेही.

आता दार. माझं म्हणणं असं की वेळ फारच कमी असेल तर इथे एक मिनिट जास्त द्या. दाराच्या खालच्या फुगीर भागात स्लाइड, म्हणजे आणीबाणीत बाहेर उतरायची फुगणारी घसरगुंडी, घडी घालून ठेवलेली असते आणि तिला फुगवणारी दाबाची बाटली असते. एका छोट्या खिडकीतून तिचा गेज दिसतो, काटा हिरव्या पट्ट्यात हवा. हा गेज बघायला बहुतेक वेळा गुडघ्यावर बसावं लागतं, टॉर्च मारावा लागतो. उभ्या उभ्या तो दिसत नाही. क्रू खाली वाकलाय की नाही यावरून मला लांबूनच कळतं की दार खरंच तपासलं जातंय का. एअरबसच्या ए३२०च्या दारात आणखी एक गेज असतो, आणीबाणीत दार जोरात ढकलून उघडणाऱ्या यंत्रणेचा. जड दार एकट्या माणसाला सहज उघडता यावं म्हणून ती असते, तेव्हा तोही बघायचा.

मग गर्ट बार. स्लाइडचं एक टोक या दांडीला बांधलेलं असतं. दार ‘आर्म’ केलं की ही दांडी विमानाच्या फरशीला अडकते, आणि दार उघडताच स्लाइड ओढली जाऊन फुगते. बोइंग ७३७मध्ये ही दांडी क्रू स्वतःच्या हाताने फरशीवरच्या खोबणीत बसवतो. म्हणून त्या खोबणीत खडा, कागद, तुटलेला चमचा काही अडकलेलं नाही ना, हे आधी बघून ठेवायचं. दरवाजे आर्म होतात प्रवासी चढल्यावर. उड्डाणाआधीच्या तपासणीत दार ‘डिसआर्म’ आहे, म्हणजे दांडी फरशीपासून सुटलेली आहे, याची खात्री करायची असते, नाहीतर बाहेरून जेवण चढवणाऱ्या माणसासमोर स्लाइड सुटू शकते.

स्लाइड आपोआप फुगली नाही तर ओढायचं एक लाल हँडल असतं. ते कुठून बाहेर येतं हे तपासणीच्या वेळीच डोळ्यांसमोर आणायचं. १५ जानेवारी २००९ रोजी हडसन नदीत उतरलेल्या यूएस एअरवेजच्या विमानात डावीकडच्या पुढच्या दाराची स्लाइड आपोआप फुगली नव्हती. क्रूने हँडल ओढल्यावर ती फुगली. त्या विमानातले १५५ जण वाचले. मागची दारं पाण्याखाली गेल्यामुळे कामाची राहिली नव्हती, त्यामुळे पुढच्या दोन स्लाइड किती मोलाच्या होत्या हे कुणालाही कळेल.

मेगाफोनकडे लोक दुर्लक्ष करतात, अगदी क्रूसुद्धा, कारण तो जुनाट वाटतो. बटण दाबून हलकी ‘टिक’ किंवा खरखर ऐकू येते का बघायचं, तेवढंच काम. मोठ्याने बोलून बघायची गरज नाही. पण २ जानेवारी २०२४ला टोक्योच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं, तेव्हा घोषणा यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला, आणि त्यांच्या विमानातले सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या विमानातल्या पाच जणांचा मात्र मृत्यू झाला. शंभराहून जास्त प्रवाशांच्या विमानात दोन मेगाफोन लागतात, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही एकाच कप्प्यात सापडले तर ती चूक समजायची.

बाकीचं भराभर: प्रथमोपचार पेट्यांची आणि डॉक्टरांसाठीच्या वैद्यकीय पेटीची सीलं, हृदयाला झटका देणाऱ्या यंत्रावरची ‘तयार’ दाखवणारी खूण, आगीसाठीचे हातमोजे, मास्कचे कप्पे अडकले तर उघडायची सुई, शोध पथकाला ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवणारा ट्रान्समीटर, बाळांची लाइफ जॅकेटं, सीटचा पट्टा लांबवायचे जोडपट्टे, प्रात्यक्षिकाचं सामान. प्रवाशांची लाइफ जॅकेटं सीटखाली शेकड्यांनी असतात. ती किती आणि कशी बघायची हे कंपनीनुसार ठरतं. पण रिकामी पिशवी हाताला लगेच कळते, फक्त हात घालावा लागतो. कॉकपिटमध्ये वैमानिक त्यांचं स्वतःचं बघतात: ऑक्सिजनचा मास्क, जो एका हाताने पाच सेकंदांत तोंडावर बसला पाहिजे, त्याचा प्रवाह, कुऱ्हाड, खिडकीतून उतरायचे दोर, त्यांचं अग्निशामक आणि हूड.

काही कमी निघालं तर काय? पर्सरला सांगायचं, पर्सर कॅप्टनला सांगते, लॉगबुकमध्ये नोंद होते, इंजिनिअर येतो. कुठली वस्तू नसली तरी उडता येतं, किती दिवस आणि कुठल्या अटींवर, हे ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’मध्ये लिहिलेलं असतं. कधी दुसऱ्या जागेवरून वस्तू हलवता येते, कधी एखादं दार निकामी धरून प्रवासी कमी घ्यावे लागतात, कधी थांबावंच लागतं. मी नवी असताना दिवसाच्या शेवटच्या उड्डाणात मला एका हूडच्या पेटीचं सील तुटलेलं दिसलं. विमान आधीच उशिरात होतं, जमिनीवरचे लोक घाई करत होते, आणि सील कदाचित नुसतं घासून तुटलं असेल असं मलाही वाटत होतं. तोंडातून शब्द निघेना. शेवटी पर्सरला सांगितलं. त्यांनी पेटी बघितली आणि एकही प्रश्न न विचारता कॅप्टनकडे गेल्या. नवं हूड येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मला कुणी रागावलं नाही. त्या पर्सरताईंनी त्या दिवशी मला काय दिलं, ते मला शिकवायला लागल्यावर समजलं. आज माझी एखादी विद्यार्थिनी घाबरत घाबरत अशी नोंद घेऊन येते, तेव्हा मी सगळ्यात आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणते. पेटी त्यानंतर बघते.

प्रवासी म्हणून तुम्हाला काही करता येईल का, हेही बऱ्याच जणांना जाणून घ्यायचं असतं. येईल, आणि अर्धं मिनिट पुरतं. बसल्यावर सीटखाली हात घालून लाइफ जॅकेटची पिशवी आहे का बघा. नसेल तर लाजू नका, क्रूला सांगा, आम्हाला ते हवंच असतं. पट्टा एकदा लावून सोडून बघा. कारच्या सवयीने लोक आणीबाणीत बटण शोधत बसतात, विमानात मात्र बकलचं झाकण वर उचलायचं असतं. आणि तुमच्यापासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत त्या मोजा, आकडा लक्षात ठेवा. धुरात दारापर्यंत जायचं झालं तर सीटच्या पाठी हाताने मोजतच जावं लागतं.